बुधवाऱ्याची फेरी

शकुनच्या पोटात दुखायला लागलं ते शालूच्या लुगड्यापासून. शालू तिची धाकटी जाऊ. दोघी रोज वलगावच्या मळ्यातली भाजी बैलगाडीने अमरावतीला आणत आणि शहराभोवतीच्या परकोटाच्या दरवाजाशी पांगत. सासूने फेऱ्या वाटून दिल्या होत्या. आतल्या बुधवाऱ्याच्या गल्ल्या शकुनच्या, बाहेरचा कँप शालूचा. कँपात साहेबलोकांच्या जोडीला आता वकीलही बंगले बांधू लागले होते. त्यातल्याच एका वकिलीणबाईने शालूला जरीकाठी लुगडं दिलं. जुनंच होतं, पण शालू ते नेसून शकुनच्या दारावरून दोनदा पाण्याला गेली.

आपण नाल्या ओलांडत मरायचं आणि हिने बंगल्यांत मिरवायचं, म्हणून शकुन आठ दिवस धुमसली. मग सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"थोरली मी. कँप मले पाहिजे."

शालू एका शब्दाने आडवी आली नाही. तिथेच शकुनने ओळखायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढून ते लुगडं हलतच नव्हतं.

"घे," सासू म्हणाली. "पण मंग पुन्हा फिरवाफिरवी नाही."

बुधवाऱ्यात एक हाळी दिली की दहा-बारा दारं उघडायची. कँपात हाळी फाटकापाशीच विरायची. फाटक कुठे, बंगला कुठे, मध्ये नुसती बाग. एका बंगल्यातून दुसऱ्यात जाईस्तोवर मेथी माना टाकायची. मीठ संपलं तरी टांगा जोडावा लागतो, अशा ठिकाणी शहाणी माणसं राहायला का येतात, हे शकुनला कळेना.

महिन्याभराने वकिलीणबाई माहेरहून परतल्या आणि शकुनला पाहून हरखल्या. बंगला बांधण्याआधी त्यांचं बिऱ्हाड बुधवाऱ्यात, शकुनच्याच फेरीत होतं. इथे बोलायला शेजारीण नव्हती. भाजी राहिली बाजूला, त्यांनी तिला पायरीवर बसवून घेतलं.

"पार्बताबाईची सून बाळंत झाली का गं? काय झालं तिला?"

पार्बताबाईचं घर शकुनच्या गल्लीत तिसरं. सुनेच्या डोहाळ्यांना कोवळ्या चिंचा शकुननेच पुरवल्या होत्या. पण आता तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तसं म्हणायची लाज वाटली.

"उद्या सांगतो, बाई," ती म्हणाली.

परकोटाच्या दरवाजाशी शालू आधीच येऊन बसली होती. टोपलं रिकामं, पाय पसरलेले. अर्धी भाजी डोक्यावर परत आणलेल्या शकुनला ते बघवेना.

"काय बाई, गल्ली परत पाहिजे काय?" शालूने विचारलं.

"मले काहून पाहिजे? पार्बताबाईच्या सुनेले काय झालं, तेवढं सांग."

"पोरगी झाली. उद्या बारसं हाये. मले बोलावलं."

त्या गल्लीतलं एकही बारसं शकुनने आजवर चुकवलं नव्हतं. तिने टोपलं खाली उतरवलं.

"काय नेसून जाशीन?" तिने विचारलं.

"ते जरीचं लुगडं हाये ना," शालू म्हणाली.