बुटातला हेरिंग आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर मासळी डबाबंद करण्याचा एक कारखाना आहे. तिथल्या कामगार संघटनेच्या खोलीत मी राहतो. नवा होतो तेव्हा लोक हात पुसून मला उघडत. पुढे वर सरकवायची खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्याखाली मला टेकू म्हणून लावले. पोटात सत्तर हजार शब्द आणि काम ठोकळ्याचे! वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

या कारखान्यात एक जुनी रीत आहे. नवी बाई कामावर आली की पहिल्या दिवशी तिच्या बुटात हेरिंग मासा टाकायचा. ती किंचाळते, सगळे हसतात, मग तीही हसते. वर्ना पेल्कीसुद्धा हसली होती. पण मुकादम क्लेटन ईस्टरपासून ऑगस्टपर्यंत रोज तिच्या बुटात मासा टाकत राहिला. शेवटी तिने तोच बूट त्याला फेकून मारला आणि तिच्या नोकरीवर गदा आली.

चौकशी माझ्याच खोलीत झाली.

"अहो, थट्टा केली हो! कुणाच्या बुटात नाही पडला मासा?" क्लेटन म्हणाला.

"माझ्याही पडला होता," मॅनेजर हॅस्केलबाई हसल्या आणि त्यांनी कागदावर 'टीझ' लिहिले. म्हणजे चिडवले. एवढ्याशा कारणासाठी बूट मारणारी बाई घरीच गेली असती.

वर्ना उठली. तिने मला खस्सकन ओढले, तशी खिडकी धाडकन खाली आली.

"बाई, तुमच्या बुटात किती वेळा पडला?"

"एकदाच."

"माझ्या चार महिने. नको नको म्हणत असताना."

ती माझी पाने उलटू लागली. "टॉर्मेंट, म्हणजे यातना देणं. तेवढं झालं नाही, खोटं सांगणार नाही. बुली, दुबळ्यावर दादागिरी. मी नाही दुबळी, दुबळी असेल याची सावली! हॅरॅस. पुन्हा पुन्हा त्रास देऊन जीव नकोसा करणं. हा लिहा."

"शब्दात काय एवढं, वर्ना?" क्लेटन पुटपुटला.

"माझी भाकरी आहे त्यात!"

हॅस्केलबाईंनी जुना शब्द खोडला. बूट मारल्याबद्दल वर्ना तीन दिवस बिनपगारी घरी बसली, पण नोकरी राहिली. क्लेटनची मुकादमी गेली. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, एक जण रडत असेल आणि दुसरा 'थट्टा केली' म्हणत असेल, तर घाईने मान डोलवू नका. माझी पाने उलटा.

रीत अजून चालू आहे. पहिल्या दिवशी मासा पडतोच. दुसऱ्या दिवशीही पडला, तर वर्ना मला आणून जेवणाच्या टेबलावर ठेवते. मला उघडायची वेळ अजून आलेली नाही.