आत्याच्या गाडीचं बॉनेट

माणसाच्या पुढ्यात जे जे बंद आलं, ते ते त्याने आज ना उद्या उघडलं आहे. त्याने डोंगर पोखरले, समुद्राचा तळ गाठला, अणू फोडून आत काय आहे ते पाहिलं आणि मग पस्तावला. ज्ञानाचं दार कायमचं बंद राहत नाही, असं मी कॉलेजात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत म्हणालो होतो आणि तिसरा आलो होतो. स्पर्धक तीन होते.

आत्याच्या गाडीचं बॉनेट मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता उघडेनासं झालं.

आत्या मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराबाहेर एक पांढरी गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असलेली ही गाडी निम्म्या गावाने चालवली आहे. उरलेलं निम्मं गाव त्यांच्यापासून जपून चालतं.

त्या दिवशी स्कूलच्या परवान्याची मुदत संपत होती. बारा वाजता परिवहन खात्याचे इन्स्पेक्टर येणार, इंजिनावर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहणार आणि मग सही करणार, असं ठरलं होतं. यात माझ्या वडिलांनी आधीच एक पाचर मारून ठेवली होती. बाबा आत्याचे मोठे भाऊ. बाईमाणसाने बासष्टाव्या वर्षी शिकाऊ लोकांच्या हाती जीव देऊन रस्त्यावर हिंडू नये, असं त्यांचं मत. या खेपेला परवाना हुकला तर पुन्हा अर्ज करायचा नाही, स्कूलला कुलूप लावायचं आणि घरी बसायचं, असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आत्या ‘बरं’ म्हणाली होती. आत्या शब्दाची पक्की आहे. घरात यावरून आजवर बरंच नुकसान झालेलं आहे.

बॉनेटची केबल माझ्या हातून तुटली. निष्काळजीपणाने नाही, काळजीपोटी. साहेबांसमोर बॉनेट नीट उघडायला हवं, म्हणून मी सकाळी तालीम घेतली. स्टिअरिंगखालचा खटका ओढला, बॉनेट उघडलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. सहा वेळा उत्तम. सातव्या वेळी खटका ओढला जात होता, पण पलीकडे ऐकणारं कोणी नव्हतं. निवृत्त अधिकाऱ्याच्या हुकमासारखा तो नुसताच माझ्या हातात आला.

दोष सगळा माझा नव्हता. आत्याकडे पहिल्या दिवशी गाडी चालवायला मिळत नाही. पहिल्या दिवशी बॉनेट उघडायचं, आत बघायचं आणि बंद करायचं. “ज्याच्या जिवावर पळणार, त्याचं तोंड तरी बघून ठेवा,” असं ती सांगते. अकराशे माणसांनी त्या इंजिनाचं तोंड बघितलं होतं. केबलने ते सगळं मुकाट सोसलं आणि घरच्या माणसाच्या हातात प्राण सोडला.

“आत्या,” मी खोलीत जाऊन म्हणालो, “एक गंमत झाली.”

“तू गंमत म्हणालास की मी पाकीट शोधते. काय मोडलंस?”

मी सांगितलं. तिने चष्मा पुसला, घड्याळाकडे बघितलं आणि मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिकला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण तो कधी गप्प बसत नाही. त्याने आल्या आल्या खटक्याच्या मागे पक्कड घातली, वायरीचं टोक पकडलं आणि ओढलं. वायर आली. येतच राहिली. हातभर वायर बाहेर आली आणि तिच्या मागे काहीच आलं नाही.

“ताई, ही पार कडीपाशी तुटलीय. इथून ओढून आता फक्त कपडे वाळत घालायची सोय होईल. गाडी गॅरेजला नेऊ. वर चढवू, खालचा पत्रा काढू, संध्याकाळी उघडून देतो.”

“साहेब बाराला येतायत.”

“मग पुढची जाळी कापू. दहा मिनिटांचं काम.”

“आणि तोंड फाटलेल्या गाडीला पास करतील ते?”

“तेही खरंय,” असं म्हणून सायलेन्सर बॉनेटच्या कडेत बोटं खुपसून वर ओढू लागला. मीही ओढू लागलो. बॉनेट ढिम्म.

एवढ्यात बाबा आले. सहज आले, असं ते म्हणाले. सहज येताना इस्त्रीचा शर्ट घालायची त्यांना सवय नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी अंत्ययात्रेत करतात तसा चेहरा केला.

“होतं असं. आपण काय करणार? प्रयत्न केलेस, कोणी नावं ठेवणार नाही.”

“दादा, अजून दोन तास आहेत,” आत्या म्हणाली.

“पावणेदोन,” बाबा म्हणाले.

सव्वादहाला डॉक्टरबाई त्यांच्या तासाला आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. दवाखाना समोरच्याच इमारतीत. चार महिने शिकत होत्या आणि गाडी मागे घेताना अजून डोळे मिटत होत्या. आज तास नाही हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती त्यांनी त्यांच्या पेशंटच्या चेहऱ्यावर रोज बघितली असणार. पण त्या गेल्या नाहीत. जाळीच्या फटीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “उजेड नाही, आरसा नाही, आणि तुम्ही आत हत्यारं घालताय? मॅडम, मी असं केलं तर माझा परवाना जाईल.”

पाच मिनिटांत त्या कपाळाला दिवा बांधून, हातात लांब दांड्याचा इवलासा आरसा घेऊन परत आल्या. रस्त्यावर मांडी घातली, आरसा जाळीतून आत सरकवला. आवाजच बदलला त्यांचा.

“हं. दिसली कडी. बाजूला एक लहान पट्टी आहे. तिला तुटक्या वायरीचं टोक लोंबतंय. पट्टी माझ्याकडे ओढली गेली की कडी सुटेल. कोणाला घाई नाही ना?”

“आहे,” आत्या म्हणाली आणि त्यांच्या शेजारी रस्त्यावर बसली. सायलेन्सरच्या पेटीतला सगळ्यात लांब स्क्रू ड्रायव्हर तिने जाळीतून घातला. डॉक्टरबाई सांगत होत्या, आत्या चाचपत होती. वर. आणखी वर. ते नाही, तो हॉर्न. आता जरा डावीकडे. टोक पट्टीला लागलं, पण पट्टी हलेना. तीनदा लागलं, तीनदा घसरलं. सायलेन्सर आणि मी वरून जीव खाऊन ओढत होतो. सायलेन्सर ओढता ओढता, त्याच्या काकांनी एकदा असंच बॉनेट अकरा दिवसांनी उघडलं होतं, ते सांगत होता. साडेअकरा वाजले.

आत्या एकदम थांबली.

“वर कोण ओढतंय?”

“सगळेच,” मी अभिमानाने म्हणालो.

“सोडा. अरे, तुम्ही वर ओढताय म्हणून कडी आणखी घट्ट बसतेय. अडकलेलं बॉनेट उघडायचं तर आधी खाली दाबायचं. पहिल्या दिवशी शिकवते मी हे. सायलेन्सर, तू शिकलास ना माझ्याकडे? पहिल्या दिवशी काय करत होतास?”

“बोलत होतो, ताई.”

आम्ही दोघांनी दाबलं. मी मुळात हाडांचा सापळा आणि सायलेन्सरचं सगळं वजन जिभेत. पट्टी केसभर हलली आणि थांबली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. बाबांचं वजन पंच्याण्णव किलो आहे. डॉक्टर ते कमी करायला सांगतात आणि बाबा दर वर्षी डॉक्टर बदलतात.

“दादा, ये,” आत्या म्हणाली.

“मी? छे. पत्रा चेपेल.”

“मधे नको. पुढच्या कडेवर दोन्ही हात ठेव आणि भार दे.”

बाबा जागचे हलले नाहीत. त्यांना नुसतं उभं राहायचं होतं. बारा वाजेपर्यंत ते जागेवर उभे राहिले की काम झालं.

आत्याने रस्त्यावर बसूनच वर पाहिलं.

“नसेल दाबायचं तर नको दाबूस, दादा. जबरदस्ती नाही. मी शब्द दिलाय, कुलूप लावेन आणि घरी बसेन. पण माझ्या घरी एकटीने बसून काय करू? रोज सकाळी तुझ्याकडे येऊन बसेन. तू पेपर कसा वाचतोस, गोळ्या वेळेवर घेतोस का, फिरायला म्हणून जातोस तो नक्की कुठे जातोस, सगळं बघेन.”

बाबा झपाट्याने पुढे आले. दोन्ही पंजे कडेवर रोवले आणि असा भार दिला, की गाडीची पुढची चाकं खाली दबल्यासारखी वाटली.

“आता,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सावकाश. सावकाश. ओढा!”

खट्.

इतका लहान आवाज. पण आमच्या पाच जणांपैकी कोणाच्याही कानातून तो सुटला नाही. आत्याने फटीत बोटं घातली, आतला आकडा सरकवला आणि बॉनेट वर उचललं. ते असं उघडलं, जसं काही त्याला कोणी कधी अडवलंच नव्हतं. सायलेन्सर ओरडला. डॉक्टरबाईंनी, “भूल नाही, रक्त नाही!” म्हणत दिव्यासकट उडी मारली. समोरच्या गच्चीवरून दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत्याला उचलायला गेलो आणि तिने मला, “कमरेला जप,” म्हणून बाजूला केलं, पण हसत होती ती. काजळी माखलेल्या हातांनी ती इंजिनासमोर उभी होती आणि अकराशे लोकांच्या पहिल्या दिवसाचा आनंद एकटीच्या चेहऱ्यावर होता.

बाबांना घरात काहीही उघडं दिसलेलं चालत नाही. नळ, कपाट, डबा, दिसेल ते बंद करायचं. चाळीस वर्षांची सवय. ते पुढे झाले आणि त्यांनी बॉनेट धाडकन बंद केलं.

सायलेन्सरसुद्धा गप्प झाला.

“अगं,” बाबा म्हणाले, “हात आपोआपच...”

आणि कोपऱ्यावरून खात्याची जीप वळली.

इन्स्पेक्टर उतरले. कागद बघितले, पेन काढलं. “इंजिन नंबर बघू. बॉनेट उघडा.”

“डॉक्टरबाई,” आत्या म्हणाली. डॉक्टरबाई मांडी घालून बसल्या. “दादा.” या वेळी बाबांनी न सांगता बाह्या सरसावल्या. आरसा आत, स्क्रू ड्रायव्हर आत, बाबांचे पंजे कडेवर. “थोडं डावीकडे,” “दाब,” “आता,” आणि खट्. चाळीस सेकंद लागले. शस्त्रक्रिया करणारी टोळी जशी हात मागे घेऊन उभी राहते, तसे तिघे मागे सरून उभे राहिले. बाबांचे हात आत्याने धरून ठेवले होते.

इन्स्पेक्टरांनी तिघांकडे एकेक करून बघितलं.

“हे रोज असंच उघडता?”

“केबल सकाळी तुटली, साहेब,” आत्या म्हणाली. “उद्या नवी बसेल. तोवर असं.”

ते वाकले, नंबर मोठ्याने वाचला, कागदावरचा वाचला, दोन्ही जुळले. त्यांनी बॉनेटवरच कागद ठेवायची जागा शोधली, ते उघडं असल्यामुळे सापडली नाही, म्हणून बाबांच्या पाठीवर ठेवून सही केली. पाच वर्षांची. बाबा वाकलेलेच राहिले आणि सही होईपर्यंत हलले नाहीत. नंतर गच्चीवरच्या बायकांना ते सांगत होते, की मी नसतो तर काही खरं नव्हतं.

संध्याकाळी मी तो कागद नीट वाचला. इंजिन नंबर तपासल्याची खूण होती. बॉनेटसाठी वेगळा रकाना नव्हता. शेऱ्याच्या जागी साहेबांनी लिहिलं होतं: मागच्या सीटचं कव्हर धुवावं.