उंटवाल्याचा रोडगा

आमच्या घरी दोन्ही वेळा दोन स्वयंपाक होतात. मागच्या आठवड्यापर्यंत मला आणि माझ्या लेकीला, खुशीला, पोळ्या, सासूबाईंना ज्वारीची भाकर. खुशी अमरावतीला शाळेत जाते, तिच्या डब्यात भाकर गेली तर ती तशीच परत येते. सासूबाईंच्या भाकरीला गव्हाचं पीठ लागलेलं चालायचं नाही, म्हणून परात वेगळी, पोळपाटाला तर जवळही यायची बंदी. एका बाईला दोन हात असतात हे या घरात कुणाच्या लक्षात आहे असं मला वाटत नाही.

हे सगळं सासूबाईंच्या नवसामुळे. माझे यजमान गजेंद्र रस्ते बांधणाऱ्या कंपनीत रोलर चालवायला सौदीला निघाले, त्या सकाळी आशाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नदीकाठच्या मारुतीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "माह्या पोराच्या पोटात रोडगा जाईल, तवाच मी गव्हाले हात लावीन," असं त्या सगळ्यांच्या देखत बोलून बसल्या. आमच्या वलगावात रोडगे कुणी घरी करत नाही. मारुतीजवळच गोवऱ्या पेटवायच्या, जाड दळलेल्या कणकेचे एकात एक पदर घालून गोळे करायचे, निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वर तूप. सोबत वांग्याची भाजी. गजेंद्रला त्याचं भारी वेड. परत आला की मारुतीजवळ रोडगे करू, पहिला त्याला वाढू आणि मगच आपण पोळी खाऊ, असा सासूबाईंचा साधा हिशोब होता. दोनदा यजमानांनी सुट्टी मागितली, दोन्हीदा कंपनीनं नाही म्हटलं. आता तिसरं वर्ष चालू आहे.

खरं सांगते, मला त्या नवसाचा राग यायचा. अकोल्याला माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीत पुऱ्या वाढल्या जात होत्या आणि सासूबाईंनी फडक्यातून भाकर काढली. शेजारच्या बाईनं विचारलं, त्यांनी सांगितलं, तिनं तिच्या शेजारणीला सांगितलं. पानं उठेपर्यंत अख्खा मांडव माझ्याकडे असा पाहत होता, जशी काही मीच नवऱ्याला विमानात ढकलून आले.

पण राग येत असला तरी त्या भाकरीचा मला आधारही होता. गजेंद्रचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, माय पोळी खाते का. नाही, मी सांगायचे. मग म्हणायचे, चैत्रात कंत्राट संपते, आता नाही थांबत. कंपनी अजून दोन वर्षांसाठी सही मागत होती. मी ‘घरी या’ म्हटलं असतं तर त्यांनी स्लॅबचं, खुशीच्या शिक्षणाचं, बोअरचं काढलं असतं. ते सगळं त्यांच्याच पगारातून झालंय, त्यावर काय बोलणार. माझ्या बोलण्यानं न हलणारा माणूस आईच्या भाकरीनं हलत होता. म्हणून कुरकुर करत का होईना, मी भाकर थापत राहिले.

आणि मी थकले आहे. तूर सोंगायला मजूर मीच शोधायचे, मोटार जळली की मेकॅनिककडे मीच जायचं, सासूबाईंच्या गुडघ्याला तेलही मीच लावायचं. चैत्र येईल आणि यातलं निम्मं कुणीतरी उचलेल, एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलत होते.

मागच्या शुक्रवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. चेहरा इतका खुललेला की मला वाटलं सुट्टी मंजूर झाली. तसं काही नव्हतं. कॅम्पपासून जरा लांब वाळूत ते पाय मोकळे करायला गेले होते, तिथं त्यांना धुराचा वास आला. आपल्या गोवऱ्यांचा येतो तसाच. वासामागे गेले तर एक म्हातारा उंटवाला उंटाच्या लेंड्या पेटवून बसलेला. त्यानं कणकेचा जाड गोळा चपटा करून सरळ निखाऱ्यात गाडला, वरून गरम राख आणि वाळू ओढली. मग बाहेर काढून तळहातानं फटफट झटकला, फोडला, वर तूप ओतलं आणि अर्धा यांच्या हातात दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आमचे हे खाताना रडत होते आणि तो म्हातारा यांच्या पाठीवर थापट्या मारत होता.

"माय, रोडगाच खाल्ला मी," ते म्हणाले. "डोये मिटले तं वाटे, मारोतीजवयच बसलो आहो."

सासूबाई फोनच्या इतक्या जवळ गेल्या की तिकडे त्यांचं नुसतं कपाळ दिसत असेल. नवस इथंच फिटतो की काय, असं मला वाटलं. मी मध्ये तोंड घातलं. पदर होते का त्याला, विचारलं. नव्हते. एकच जाड गोळा होता. मग तो रोडगा कसा, मी म्हटलं. शिवाय गोवऱ्या गाईच्या नाहीत. वर वाळू. भाजी तर नाहीच. नवसाच्या जेवणाला मारुती लागतो, तिथं कुठला मारुती. वकिलानं साक्षीदाराला फैलावर घ्यावं तसं मी नवऱ्याला घेत होते आणि ते हसत होते. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

सासूबाईंनी तीनच गोष्टी विचारल्या. गव्हाचा होता ना. राखेत भाजला ना. पोटभर दिला ना त्यानं. तिन्हीला हो आलं. त्यांनी बसल्या जागेवरून नदीच्या दिशेनं हात जोडले.

गजेंद्र म्हणाले, मग माय, आजपासून तू पोळी खा, माझ्या जिवाचा घोर मिटला. म्हाताऱ्यानं दर शुक्रवारी बोलावलंय, आता इथं बरं वाटेल. मी कंत्राटाचं विचारलं. इतके दिवस ‘नाही थांबत’ म्हणणारा माणूस म्हणाला, "पाहतो. साहेब लय मांगं लागून राहिला."

फोन ठेवल्यावर मी गोठ्यात जाऊन उभी राहिले. मला त्या उंटवाल्याचा राग आला होता. बिचाऱ्यानं परक्या माणसाला आपल्यातलं अर्धं दिलं, आणि मी इथं वलगावात उभी राहून त्याला शिव्या देत होते. उपाशी राहा असं मी नवऱ्याला कधीच म्हणणार नाही. पण त्यांना तिथं घर सापडावं, हे मला नको होतं.

संध्याकाळी सासूबाई चुलीजवळ येऊन बसल्या आणि पोळी मागितली. मी लाटणं खाली ठेवलं. मनात होतं ते आज बोलले.

"आई, त्यायनं घरी यावं, हे नाई का मागतलं तुमी मारोतीले?"

"नाई मागतलं," त्या म्हणाल्या. "पोटासाठी गेलेल्या लेकराले मायनं मांगं ओढू नाई. तो तिकडं उपाशी नाई रायला पायजे, एवढंच माहं मागनं होतं. घरी ये म्हनाचं ते तुह्या हातचं आहे, चंदा."

मी लाटणं परत हातात घेतलं. त्यांना दोन पोळ्या वाढल्या, वर तूप घातलं. पहिला घास त्यांनी किती तरी वेळ चावला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचं सोडून त्या खात होत्या.

खुशीच्या पोळ्या झाल्यावर मी तवा पुसला. ज्वारीचं पीठ वेगळ्या परातीत घेतलं, ऊन पाणी घातलं आणि मळायला लागले. खुशीनं विचारलं, आजी तर पोळी खातेय, मग ही कोणासाठी. मी म्हटलं, माझ्यासाठी. बाबांचा फोन आला की सांग, आईनं गहू सोडला.

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नको करू म्हणतील असं मला वाटलं होतं, आणि म्हटल्या असत्या तर मी बहुतेक ऐकलंही असतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. ठेच्याची वाटी आपल्या ताटाजवळून उचलून त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"यासंगं खाय," म्हणाल्या. "पयलं वर्स लय जड जाते."