हरवलेले चष्मेवाले

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या ताईंचा सगळ्यांत लाडका पक्षी चष्मेवाला होता, याचं कुणालाच नवल वाटत नसे. पिवळसर हिरवा, अंगठ्याएवढा जीव आणि डोळ्यांभोवती पांढरं कडं, जणू ताईंनीच माप घेऊन बसवून दिलेलं. "माझं हे एकच गिऱ्हाईक असं," त्या म्हणायच्या, "की ज्यानं कधी काडी मोडून आणली नाही."

पाखरांचं वेड त्यांना फ्रॉकच्या वयापासूनचं. त्यांच्या लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड कॅमेऱ्याकडे बघतंय आणि नवरी तेवढी वर, फांदीकडे. आता केस पिकले, तरी दर रविवारी सकाळी गल्लीतली पोरं गोळा करून त्या बागेत जायच्या. तिथे त्यांचा एक नियम होता. दुर्बिणीला आधी हात लावायचा नाही. सगळ्यांनी डोळे मिटायचे, कान टवकारायचे आणि आवाज येईल तिकडे बोट करायचं. "डोळे भारी उतावळे," ताई सांगायच्या. "दिसेल ते पहिलं धरून बसतात. कानाला धीर असतो."

यंदा मात्र चष्मेवाले बागेतून नाहीसे झाले. त्यांचा थवा फिरतो तेव्हा पानांआडून बारीक किणकिण येते. ती किणकिण ताईंनी कित्येक रविवारांत ऐकली नव्हती. गुन्हेगार शोधायला फार लांब जावं लागलं नाही. थवा उतरायचा ते तळ्यामागचं झुडपांचं कुंपण बागेच्या माळीबुवांनी पार हजामत केल्यासारखं छाटलं होतं.

"छाटलं नाही तर ते वाटेवर येतं, बाई," माळीबुवा म्हणाले होते. "आणि तुमचे पाहुणे कुठं गेलेत? इथंच आहेत की. सकाळपासून डोकं उठवतात."

"त्या चिमण्या असतील."

"चिमणी मला कळते हो."

"तुम्हाला कात्री कळते, माळीबुवा."

ताई तिथेच थांबल्या नाहीत. बागांच्या कचेरीत जाऊन त्यांनी साहेबांना असं काही धारेवर धरलं, की साहेब घायकुतीला आले. "उद्या माळ्यासमोर एवढंच सांगा, की पक्षी गेले," ते म्हणाले. "त्याला शहराबाहेरच्या रोपवाटिकेत धाडून देतो." या बागेतलं प्रत्येक झाड माळीबुवांनी हातानं लावलं होतं, आणि बदलीची कुणकुण त्यांनाही लागली होती.

दुकानात भिंगं घासून देणारा धाकटा भाऊ तेवढा ताईंच्या बाजूनं नव्हता.

"ताई, एकदा कान दाखवून ये."

"माझे कान? अरे, पानामागचा पक्षी मी आवाजावरून ओळखते!"

"ओळखायचीस. ते यंत्र बघ, मघापासून पिकपिक करतंय, भिंग झालंय म्हणून."

"यंत्रच बिघडलंय ते," ताई म्हणाल्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तो आरशात तोंड वेडंवाकडं करत होता. "चष्म्याची कसली लाज हो? दिसत नाही म्हणून धडपडण्यापेक्षा बरा!"

भाऊ खाली मान घालून हसला. ताईंना तेही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. साहेब अकराला बागेत येणार होते. पोरं तळ्याकाठी ओळीनं उभी राहिली. माळीबुवा लांब एका वाफ्यात उगाच माती उकरत होते.

"डोळे मिटा," ताई म्हणाल्या. "ए दातपडक्या, फटीतून बघू नकोस!"

पोरांचे डोळे मिटले. एरवी ताईही मिटायच्या, पण आज दातपडक्यावर नजर ठेवायला त्यांनी आपले उघडेच ठेवले. ताईंना दूरवरचा कावळा ऐकू आला, सायकलची घंटाही ऐकू आली. आणि तेवढ्यात एक बोट वर गेलं. मग दुसरं. मग सगळीच. सगळी बोटं समोरच्या झाडाच्या एकाच फांदीवर रोखलेली. ताईंनी कान देऊन ऐकलं. काही नाही.

मग ती बोटं हलली. मिटल्या डोळ्यांनी, एकमेकांना न विचारता, सगळी एकदम डावीकडे सरकू लागली. थोडी वर, मग पुढच्या फांदीवर. ओळीतली सगळ्यात धाकटी चिमुरडी तर बोटाच्या नादानं आख्खी वळली आणि शेजारच्याच्या पोटावर जाऊन आदळली.

ताईंनी दुर्बीण उचलली. बोटं जात होती तिथे पानं हलत होती, आणि पानांत चष्मेवाले होते. एक नाही, थवाच. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. ताईंच्या कानांपर्यंत त्यातलं काहीच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते पक्षी त्यांना मुके दिसले, आणि दुर्बिणीची काच आतून ओली झाल्यासारखी वाटली.

"ताई, कोण आहे? सांगा ना!" पोरं चुळबुळायला लागली.

वेळ मारून नेता आली असती. ताईंनी दुर्बीण खाली केली.

"चष्मेवाला," त्या म्हणाल्या. "तो कुठे गेलाच नव्हता. माझे कान गेले. चला माझ्याबरोबर, मला माळीबुवांची माफी मागायची आहे."

"मोठी माणसं पण मागतात?" दातपडक्यानं विचारलं.

"मागतात. फक्त त्यांना वेळ फार लागतो."

वरात वाफ्यापाशी पोचली तेव्हा माळीबुवा घाबरून उभेच राहिले.

"चुकले मी," ताई म्हणाल्या. "चष्मेवाले इथेच आहेत. अकराला साहेबांना मी तेच सांगणार. आणि उद्या कानांसाठी यंत्र आणणार."

माळीबुवा खुरप्याकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला हो, आता लपवून काय उपयोग?"

"मी म्हणत होतो ना," माळीबुवांनी छाती भरून आरोळी ठोकली, "आहेत म्हणून!"

झाडातून आख्खा थवा भुर्रकन उठला आणि तळ्यापलीकडे दिसेनासा झाला.

"माळीकाका!" पोरं एका सुरात ओरडली.

माळीबुवांनी जीभ चावली. मग चोरट्या नजरेनं बागेच्या फाटकाकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "साहेब यायच्या आत येतील ना हो परत?"