शटरवरचे आजोबा

त्या गल्लीत एके काळी चाळीस शिवणखाने होते. मशिनांचा कल्ला असा की दोन माणसांना बोलायचं तर एकमेकांच्या कानात तोंड घालावं लागे. मग कुठल्यातरी लांबच्या देशात तेच शर्ट निम्म्या मजुरीत शिवून मिळू लागले आणि गल्ली एकेका दारानं गप्प होत गेली. शेवटी उरले दोघं. कोपऱ्यावरचा बटनवाला, आणि शिवणयंत्रं दुरुस्त करणारे बाबा.

बाबांचा गाळा दोन पावलं रुंद आणि सात पावलं खोल. भाड्याचा, पण पक्का. करारात मेख एकच होती : सलग तीन महिने बंद राहिला की गाळा मालकाचा. म्हणून बाबांनी तीस वर्षांत शटर कधी दिवसभर पडू दिलं नव्हतं. लेकीला आठवतं, आई गेली त्या सकाळीही ते आधी इथं आले, शटर गुडघाभर वर करून ठेवलं आणि मग जाऊन आईजवळ बसले.

तर अशा गल्लीचं सुशोभीकरण निघालं. फरशी आली, दिवे आले, बसायला बाकडी आली आणि त्यांच्या पाठोपाठ आले सुशोभीकरणाचे साहेब. “काका, ह्या गल्लीचा चेहरा म्हणजे तुम्ही,” ते म्हणाले. “तुमच्या शटरवर तुमचंच चित्र काढायचंय.”

“मला कशाला टांगता?” बाबा म्हणाले.

पण लेक हट्टालाच पेटली. कडेवर आठ महिन्यांची चिमणी, तिच्या तोंडात आईची ओढणी, आणि आईचं आपलं चालूच, “बसा ना हो बाबा! जन्मभर लोकांची मशिनं बघितलीत, आता लोकांना तुम्हाला बघू दे.”

बाबा बसले. दोन दिवस बसले, रस्त्यात स्टूल टाकून, एक हात मशिनच्या चाकावर आणि दुसऱ्या हातात तेलाची कुपी. चित्रवाली पोरगी गुणी होती. तीनदा भांग पाडून झाल्यावर बाबांनी विचारलं, “चष्मा काढू का?”

“काढ, काढ,” बटनवाला कोपऱ्यावरून ओरडला. “म्हणजे काय काढलंय ते तुला तरी दिसणार नाही.”

चित्र झकास झालं. त्यातले बाबा असे हसत होते, जसे आई गेल्यापासून हसले नव्हते. लेक तिथंच उभी राहून रडली. नाक पुसायला चिमणीचं झबलं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी शटर उचललं तर आधी कपाळ गुंडाळलं गेलं, मग डोळे, मग ते हसू. चिमणीनं अशी किंकाळी फोडली की बाकड्यावरची माणसं उठली. लांबून चित्र बघायला आलेली ती मंडळी. त्यांची तोंडं पडली. दुपारी साहेब आले.

“काका, दिवसा जरा खालीच राहू दे ना. वर-खाली केलं की रंग फुटतो. मागचं दार आहेच की तुम्हाला.”

बाबा लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, “बंद दिसेल गं.”

“दिसू दे,” लेक म्हणाली. “आहे का बंद? काम तर आतच करायचंय.”

हे ती किती सहज बोलली! चिमणीच्या नाकाला रुमाल लावता लावता.

तेव्हापासून बाबा मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून आत जाऊ लागले. ट्यूबलाइट लावून काम करू लागले. जुनी गिऱ्हाइकं तेवढी मागून यायची, मशीन पोटाशी धरून. नवी कुठून येणार? पण पुढं गर्दी वाढत होती आणि लेकीची छाती फुगत होती. ती रोज दुपारी बाबांचा डबा घेऊन यायची, आधी चिमणीला चित्राखाली बसवून एक फोटो काढायची आणि तो सगळ्यांना दिसेल असा फोनवर टाकायची. नवरा दूरगावी कामाला, त्यालाही पोर वाढताना दिसावी. लोकांना त्या फोटोंचं वेड लागलं. साहेबांनी तर पोरीला ‘गल्लीची लाडकी’ करून टाकलं.

चिमणी तिथंच रांगली. शटरच्या पट्ट्या धरून तिथंच उभी राहिली. पहिली तीन पावलं टाकली तीही तेलाच्या कुपीवाल्या हाताकडे. एकदा तिनं मुठीनं शटर बडवलं आणि म्हणाली, “आजोबा.” तिचा पहिला शब्द. आतून आवाज आला, “काय गं चिमणे?” पोरगी खदखदून हसली. चित्र बोलतं, अशी तिची खात्रीच झाली. मग तो रोजचा खेळ झाला : बडवायचं, पत्र्याला कान लावायचा, उत्तर आलं की हसायचं.

चिमणीचा बारावा महिना संपत आला आणि मालकाची नोटीस आली. गाळा तीन महिन्यांहून जास्त बंद आहे.

“वेडे आहेत का?” लेक म्हणाली. “मी रोज डबा देते तिथं!”

कचेरीत मालकाचा पुतण्या आला होता. गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला. त्यानं भांडण केलं नाही. टेबलावर फोटो मांडले फक्त, तारखेनुसार, पत्त्यांच्या डावासारखे. सगळे लेकीचेच.

“ताई, फार सुंदर फोटो आहेत हो. हा बघा, बाळ रांगतंय. शटर बंद. हा, उभं राहिलंय. शटर बंद. हे दोन दात आले. शटर बंद. हे पहिलं पाऊल...”

“अगंबाई, किती भराभर मोठी झाली!” टेबलापलीकडच्या, निकाल देणाऱ्या बाई कौतुकानं म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला.

“मी आत होतो,” बाबा म्हणाले.

“कुठल्या फोटोत दिसता?”

बटनवाला साक्षीला उभा राहिला. त्याला विचारलं, तुमच्या दुकानातून मागचं दार दिसतं का. जन्मात खोटं न बोललेला माणूस, ऐनवेळी तरी बोलावं! “नाही दिसत,” म्हणाला आणि ओठ चावत खाली बसला. साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “आम्ही फक्त रंग दिला. शटर कुणी कधी उघडायचं, ते आम्ही कसं सांगणार?”

बाईंनी सही केली. सही करताना त्यांचं लक्ष अजून त्या दोन दातांवर होतं.

घरी येताना लेक वाट बघत होती, बाबा ओरडतील म्हणून. ओरडले असते तर तिला श्वास घेता आला असता. वाटेत ते एका पायरीवर टेकले आणि म्हणाले, “ती उभी राहिली तो फोटो दाखव.”

तिनं फोन पुढं केला. बाबांनी तो लांब धरून बराच वेळ बघितला.

“ह्या वेळी मी आतून शटरला पाठ लावून बसलो होतो,” ते म्हणाले. “पडली तर कळावं म्हणून.”

गाळा कॉफीवाल्यानं घेतला. चित्र त्याला हवंच होतं, चित्रासाठीच तर त्यानं जास्तीचं भाडं कबूल केलं होतं. फक्त मशीन नको होतं. मशिनच्या जागी कप. त्यानं चित्रवालीला बोलावलं आणि चित्रवालीनं बाबांना.

“जाऊ नका, बाबा. पाया पडते.”

“अगं, हात बदलायचेत. समोर माणूस न बसवता कप काढतील आणि बोटं वेडीवाकडी करून ठेवतील.” त्यांनी तीनदा भांग पाडला.

रस्त्यात पुन्हा तेच स्टूल. बाबांच्या हातात रिकामा कप, धरलाय मात्र तेलाच्या कुपीसारखा. “सैल धरा काका,” चित्रवाली सांगत होती. तिचे डोळे लाल होते, पण हात चालू होता. कॉफीवाला उभा होता. “हसू तेवढं जुनंच ठेवा हं. हसूला मागणी आहे.”

मधेच बाबा उठले, खिशातून कुपी काढून शटरच्या खाचेत तेलाचे दोन थेंब सोडले.

“काका, तेल वाया घालवू नका,” कॉफीवाला हसला. “ते वर जात नाही आता. चारी बाजूंनी वेल्ड केलंय.”

“मग गिऱ्हाईक?”

“मागून! मागचं दार काय झकास आहे. काच बसवलीय, पाटी लावलीय. रांग लागते, बघा जाऊन.”

बाबा गेले नाहीत. स्टुलावर परत बसले. तेवढ्यात चिमणी आईचं बोट सोडून धावली, सरळ शटरपाशी. मुठीनं बडवलं. “आजोबा!” आणि पत्र्याला कान लावून थांबली.

बाबा तिच्या पाठीमागे दोन हातांवर होते. त्यांचे ओठ हलले.

“काका, हलायचं नाही,” चित्रवाली म्हणाली. “थोडंच राहिलंय.”

चिमणीनं कान पत्र्यावरून काढला नाही. पुन्हा बडवलं, मग जोरानं. लेक पुढं झाली नाही. आतून कप-बशांचा आवाज येत होता.