हादोंगवालीची बोलकी मातीझ

कोरियातल्या नामहे बेटावर लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव पहिल्याच दिवशी हरवतं. पुढे जन्मभर तिला माहेरच्या गावानं हाक मारतात. तक पिल-सुन हादोंगहून आली, म्हणून ती हादोंगवाली. शेजारची साचनवाली, तिच्या पलीकडची कोसोंगवाली. पिल-सुन हे नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं. दवाखान्यातली नर्स ते पुकारायची, आणि गाडी चालवायच्या लायसन्सवर ते छापलेलं होतं. शाळा तिनं दुसरीतच सोडलेली. पण तेवढं नाव मात्र ती बोट न ठेवता वाचायची.

आणि नेमकं तेच लायसन्स मुलगा परत कर म्हणत होता.

"आई, पंचाहत्तरी झाली तुझी," दुहो फोनवर म्हणाला. तो छांगवनला कारखान्यात साहेब होता आणि घरातही साहेबासारखाच बोलायचा. "म्हाताऱ्या माणसांनी लायसन्स परत केलं की कचेरीतून भेट मिळते. सगळे करतायत."

"भेट कसली?"

"कार्ड देतात. दुकानात चालतं."

"म्हणजे मी पाय कापून द्यायचे आणि त्या बदल्यात चपला घ्यायच्या. शिकवून शिकवून एवढाच शहाणा केला होय रे तुला?"

दुहोनं फोन ठेवला, पण विषय सोडला नाही. दर रविवारी तेच. हादोंगवालीला रात्रीचं जेवण गोड लागेना. गाडी म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याची पांढरी मातीझ. रंग उडालेला, एका दाराला पोचा, पण चावी फिरवली की कधी नाही म्हणायची नाही. गावात बस येते ती मर्जीनं. साचनवालीच्या गुडघ्यात इंजेक्शन, कोसोंगवालीचा आठवड्याचा गरम पाण्याचा हमाम, तिघींचा बाजार, सगळं त्या मातीझवर. हादोंगवालीनं लायसन्स दिलं असतं तर एक म्हातारी घरात बसली नसती, तीन बसल्या असत्या.

तोडगा काढला नातीनं. दुहोची पोरगी बोमी, नुकती नोकरीला लागलेली, एका रविवारी बसनं खोका घेऊन आली.

"आजी, ह्यात पडदा आहे. बोट लावलं की चालतो, रस्ता सांगतो. आणि हे दोन कॅमेरे, एक पुढे, एक मागे. तू छुसोकच्या सणापर्यंत खुशाल गाडी चालव. सणाला बाबा येतील, सगळं चित्रण बघतील. तुझी चूक दिसली तर लायसन्स परत करायचं. नाही दिसली तर त्यांनी हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी कबूल करून घेतलंय त्यांच्याकडून."

"आणि चूक दिसली तर?"

"आत्ता सांगितलं ना."

"मग दिसणार नाही," हादोंगवाली म्हणाली. "लाव."

बोमीनं पडदा समोरच्या काचेखाली चिकटवला. त्याची वायर सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसली, जिथं आजोबांनी जन्मभर सिगारेटी पेटवल्या होत्या. मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या कापडात दडपायला काही मिळेना, तेव्हा आजीनं स्वयंपाकघरातून भाताचं उलथणं आणून दिलं. वायर आत गेली, उलथणं परत भांड्यात गेलं. पडदा लागला. जुन्यापुराण्या गाडीत तो निळा उजेड असा शोभत होता, जसा म्हातारीला सोन्याचा दात.

"झालं!" बोमी म्हणाली.

"काय झालं? पूजा कोण करणार, तुझा बाप?"

नवी गाडी पूजेशिवाय रस्त्यावर आणत नाहीत, आणि हादोंगवालीच्या मते डोळे आणि तोंड आलेली गाडी ही नवीच गाडी. दोघी शेजारणी तयार होऊन आल्या. पाट मांडला, फळं ठेवली, सगळ्यांनी गाडीसमोर वाकून नमस्कार केला. चारी चाकांवर तांदळाची दारू ओतली. मग हादोंगवाली वाटी घेऊन पडद्याकडे वळली.

"आजी, नको! त्याला दारू नाही चालत!"

"का? चाकांना चालते की."

"चाकं पीत नाहीत!"

"मग हा तरी कुठं पिणार आहे, नुसतं ओठाला लावते."

शेवटी बोमीनं ती वाटी हिसकावून स्वतःच पिऊन टाकली, तेव्हा कुठे पडदा वाचला. पण मासा काही तिला अडवता आला नाही. संकट टळावं म्हणून गाडीत सुका मासा टांगतात, अख्खा, तोंड उघडं, पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला. हादोंगवालीनं बाजारातला सगळ्यात मोठा आणला होता. तो तिनं आरशाला बांधला. बोमी बस पकडायच्या घाईत होती. मासा कुठं लटकतोय हे तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघी दवाखान्याला निघाल्या, तर पडद्यातून बाईचा आवाज आला. "पुढे उजवीकडे वळा."

"अगं बाई!" साचनवाली मागच्या सीटवरून ओरडली. "ही कोण?"

"बोली बघ की. शहरातली दिसतेय. सेऊलची असणार," हादोंगवाली म्हणाली.

झालं, तिचं नाव सेऊलवाली पडलं. उजवीकडे लसणाचं शेत होतं, म्हणून हादोंगवाली डावीकडे वळली. सेऊलवालीनं नवा रस्ता शोधला. पुन्हा न ऐकता वळली, तिनं पुन्हा शोधला. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही.

"माझी सून अशी असती तर," कोसोंगवाली म्हणाली.

"पोरी, लग्न झालंय का तुझं?" साचनवालीनं पुढे वाकून विचारलं.

"मार्ग सापडत नाही," पडदा म्हणाला.

"बिचारी!" तिघी एकदम म्हणाल्या, आणि मग इतक्या हसल्या की हादोंगवालीला गाडी कडेला घेऊन डोळे पुसावे लागले.

तिथून पुढे मातीझमध्ये रोज जत्रा. कधी नव्हे ते साचनवालीचे गुडघे रोज दुखायला लागले. बाजाराला जाताना तिघी सेऊलवालीला वाटेतल्या घरांची माहिती द्यायच्या, कुणाची सून कशी, कुणाच्या म्हाताऱ्यानं शेत कुणाला लिहून दिलं. गाडी चाळीसच्या वर कधी जायची नाही, कारण बोलणं राहून जायचं. कॅमेऱ्यांना नुसते डोळे नाहीत, कानही आहेत, हे बोमी सांगायला विसरली होती.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी हादोंगवाली शेजारणींना घेऊन बाजारातून पेअरची टोपली आणि तीळ घेऊन परतली, तर मुलाची काळी गाडी अंगणात उभी. दुहो ओसरीवर बसून घाम पुसत होता.

"कधी आलास?"

"झाला थोडा वेळ."

"रस्त्याला गर्दी?"

"नाही... म्हणजे होती," दुहो म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

बोमीची आई परातभर पीठ मळत बसली होती. सणाला पितरांपुढे ठेवायचे तिळाचे गोळे वळायचे होते. तिनं नवऱ्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि पीठ जरा जोरात मळलं.

सगळं उरकल्यावर बोमीनं टाळी वाजवली. "चला, आता न्यायनिवाडा!"

पडद्याला वीज गाडीतूनच मिळायची, म्हणून न्यायालय गाडीतच भरलं. दुहो चालकाच्या जागी, चष्मा लावून. शेजारी हादोंगवाली, चावी तिनंच फिरवून दिलेली. मागे साक्षीदार म्हणून साचनवाली आणि कोसोंगवाली, मध्ये बोमी. बोमीच्या आईनं पिठाचे हात बाहेर ठेवून नुसतं डोकं खिडकीतून आत घातलं.

पहिलं चित्र आलं. दुहो पुढे वाकला. "हे काय आहे?"

"मासा," आई म्हणाली.

"रस्ता कुठंय?"

"माशामागे."

बोमीनं कपाळावर हात मारला. दुसरा दिवस लावला, मासा. तिसरा, चौथा, मासाच. उघड्या तोंडाचा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कडेकडेनं तेवढा थोडा समुद्र, थोडं आभाळ.

"ह्याला पुरावा म्हणतात?" दुहो म्हणाला.

"ह्याहून चांगला कुठला हवा? बघ, किती सावकाश झुलतोय. एकदा तरी काचेवर आपटला? कचकन ब्रेक मारणाऱ्याच्या गाडीत मासा थोबाड फोडून घेतो. माझ्या माशाचा दात सुद्धा हललेला नाही."

मागच्या सीटवरून टाळ्या पडल्या. दुहोनं मागचा कॅमेरा लावायला सांगितला. त्यात मातीझच्या मागे गाड्यांची रांग दिसली. एक ट्रॅक्टर, दोन टेम्पो, मोटारी, वळणापलीकडे आणखी.

"ही मिरवणूक कुणाची?"

"मी कुणाला बोलावलं नव्हतं. येतात आपले मागे."

आणि मग आवाज ऐकू आला. कोसोंगवालीचा, स्वच्छ, खणखणीत: "साचनवालीकडची कोबीची किमची म्हणजे नुसतं मीठ. खाल्ली की समुद्र गिळल्यासारखं वाटतं."

मागच्या सीटवर साचनवालीनं हळूच मान वळवली. "असं का?"

"ते... ते त्या वर्षीच्या किमचीबद्दल," कोसोंगवाली म्हणाली.

पडद्यातून हादोंगवाली बोलत होती: "आमची सून सणाला येते ती नखं रंगवून. पिठात बुडवली की रंग पिठाला."

खिडकीतल्या डोक्यानं आपले दोन्ही हात आत आणले आणि सासूच्या नाकासमोर धरले. कोपरापर्यंत पीठ, नखं कापलेली. हादोंगवालीनं बराच वेळ पाहिलं. "गेल्या महिन्यातलं बोलणं आहे," ती म्हणाली. मग, जरा थांबून, "गोळे छान गोल वळलेस."

दुहोनं संधी साधून पडद्याकडे हात नेला. "पुरे आता. ठीक आहे सगळं. बंद कर."

"बाबा, आजचं राहिलंय की."

"आजचं काय बघायचं? बाजारात गेल्या, आल्या."

"लाव गं बोमी," बोमीची आई गोड आवाजात म्हणाली. "आजचं तर लावच. तू गाडीत झोपली होतीस, मी जागी होते."

दुहोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

पडद्यावर समुद्राकाठचं वळण आलं. मागे तीच रांग. आत हादोंगवालीचा आवाज, भरलेला: "माझा दुहो चालवतो ना, ती बघावी गाडी. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणार. आईचं वळण लागतं पोराला."

तेवढ्यात रांगेच्या पार शेपटीकडून एक काळी गाडी बाहेर पडली. मधली पिवळी पट्टी ओलांडून, ऐन वळणावर, भोंगा वाजवत, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळ्यांना मागे टाकत आली. मातीझच्या बरोबरीला येताच भोंगा एकाएकी गप्प झाला, आणि गाडी चोरासारखी पुढे सटकली. बोमीनं पुढचा कॅमेरा लावला. उघड्या खिडकीतून आलेल्या झोतात मासा बाजूला झाला. नंबर सबंध दिसला.

आणि पडद्यातून हादोंगवाली कडाडली: "मेल्या, कुणाच्या पोटचा आहेस रे! आईनं दूध पाजलं की पेट्रोल? असली कार्टी जन्माला घालायची आणि वळण लावायला विसरायचं! तुझ्या आईला एकदा भेटायचंय मला!"

मातीझमधली सगळी डोकी अंगणाकडे वळली. अंगणात काळी गाडी उभी होती, नंबर ह्या सगळ्यांकडे करून.

"मला रांगेच्या पुढे कोण आहे ते दिसलं नव्हतं," दुहो पुटपुटला. "बाजूला आलो तेव्हा दिसलीस. तू बघितलंच नाहीस."

"गाडी चालवताना मी इकडेतिकडे बघत नाही."

"हे पोलिसांना फोनवरून पाठवता येतं," बोमी मध्येच म्हणाली. "लोक रोज पाठवतात. नंबर दिसला की दंडाची चिठ्ठी थेट घरी."

"पाठव!" साचनवाली म्हणाली. ती अजून किमचीवरून तापलेली होती.

सगळे हादोंगवालीकडे बघत होते. ती पडद्याकडे बघत होती. शिव्या तिच्याच होत्या आणि ज्या बाईला घातल्या तीही तीच होती. मग तिचा खांदा हलला. आधी एक, मग दोन्ही. आणि ती अशी हसत सुटली की पुढचा मासा नाचायला लागला. मागच्या दोघी हसल्या, बोमी हसली, खिडकीतलं डोकं हसताना छताला आपटलं. दुहो तेवढा सरळ बसून होता.

"बोललेलं मी परत घेत नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "त्या आईशी माझं मी बघून घेईन. पण पोराचं काय करायचं?" आणि तिनं हात पुढे केला. "आण ती किल्ली."

"आई, परवा कामावर जायचंय मला."

"परवा देईन. उद्या डोंगरावर पितरांच्या थडग्यांना माझ्या गाडीनं जायचं."

साहेबानं खिशातून किल्ली काढली आणि आईच्या तळहातावर ठेवली. लायसन्सचं नाव कुणी काढलं नाही. काढायला तोंड कुणाला होतं?

सकाळी पूजा उरकून चौघं निघाली. पुढे सून, मांडीवर नैवेद्याचा डबा. मागे बोमी आणि तिच्या शेजारी गुडघे हनुवटीला टेकवून दुहो, कुशीत दारूची बाटली आणि पेअरची टोपली. आईनं दोन्ही हातांनी चाक धरलं होतं. चढावर मातीझ कण्हत होती. समुद्र लखलखत होता, आणि सेऊलवाली सांगत होती की सरळ जात राहा.

मागे रांग लागली. सणाचा दिवस, सगळ्यांनाच आपापल्या थडग्यांवर पोचायचं. कुणीतरी भोंगा वाजवला. मग आणखी जोरात, लांबलचक.

दुहोनं काच खाली केली आणि कमरेपर्यंत बाहेर झुकला.

"काय घाई आहे रे!" तो सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला. "दिसत नाही? माझी आई गाडी चालवतेय!"

हादोंगवालीनं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"डोकं आत घे," ती म्हणाली. "नाहीतर पोलिसांना पाठवीन."