गुरुवारचं टोक

"बंगालचा उपसागर आता आपल्या मुठीत आहे," असं प्रयोगशाळेचे प्रमुख अनंतरावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या संगणकातल्या समुद्राचा खारटपणा शून्याच्याही खाली गेला होता. तो इराने दुरुस्त केला. सागरप्रवाहांचं हे मॉडेल तिनेच तीन वर्षं खपून उभं केलं होतं आणि त्याचा पहिला इशारा शहराला जायचा होता: गुरुवारी समुद्र इतका चढेल, की पावसाचं पाणी बाहेर न पडता शहरातल्या सखल वेलचेरी भागात तुंबेल.

"आलेखातलं हे टोक फार बोचतंय," अनंतराव म्हणाले. "आकडेमोडीचा गोंधळ असणार. फिल्टर मारून सपाट कर."

"सर, घरं बुडतील."

"उद्या मंत्री येणार आहेत, इरा. तुला कायम करायचा कागदही माझ्याच टेबलावर आहे."

इराने फिल्टर मारला. टोक गेलं, इशारा गेला, मंत्र्यांनी आलेखाची तारीफ केली.

गुरुवारी वेलचेरीतले तळमजले बुडाले. तिथल्याच अनंतरावांच्या इमारतीतला वॉचमन सापडलाच नाही. तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या अनंतरावांचा फोन आला, तेव्हा इराने माफी ऐकायला फोन कानाला घट्ट लावला.

"इरा, बोटवाल्यांना सांगून अर्धा लिटर दूध पाठवतेस का? कॉफी खोळंबलीय."